म्हसावदचा नमुना पाठ

खानदेशातून परत येऊन मला तीन आठवडे झाले. शेजारणींनी तिकडच्या मिरच्या वाटून नेल्या. कॉलेजातल्या बायकांना सातपुडा सांगून झाला. तापीत माझी ट्रंक कशी भिजली आणि कोळशावर चालणारी मोटर कशी रुसून बसली, हे सांगून सगळ्यांना हसवूनही झालं. सुगनाचं मात्र मी कुणापाशी बोलले नाही. ते बोलायचं तर सगळाच प्रवास सांगावा लागेल, आणि तोंडाने सांगताना मी मधेच काहीतरी गाळीन अशी मला भीती वाटते. म्हणून लिहायला बसले आहे.

मी पुण्याला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवते. वीस वर्षं मास्तरणी तयार करते आहे. मागच्या वर्षी मुंबईत एका डॉक्टरीणबाईंनी एक वर्ग काढला होता. त्या परदेशातल्या. लढाईने त्यांना देश सोडायला लावला आणि त्या इकडे आल्या. बॉम्बमध्ये सापडलेल्या, आईबाप गमावलेल्या मुलांना कसं सांभाळावं, हे त्या शिकवत. भांडं पडलं की बाकाखाली लपणारी मुलं, दहा वर्षांची असून अंथरूण ओलं करणारी मुलं, दुसऱ्याच्या ताटातली भाकरी चोरून उशाखाली ठेवणारी मुलं. त्यांना रागावू नका, कुरवाळूही नका, माती द्या, बाहुल्या द्या, जवळ बसा आणि वाट पाहा, असं त्या म्हणत. मी सगळं टिपून घेतलं. टिपून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ब्रह्मदेशातून पायी निसटून आलेल्या काही कुटुंबांची मुलं पश्चिम खानदेशात होती. त्यांची देखभाल करणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी तिकडच्या मास्तरांसाठी बारा दिवसांचा वर्ग ठरवला. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं आणि मला येत होतं, एवढ्या लायकीवर माझी नेमणूक झाली.

नंदुरबार

गाडीतून उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि मला एकामागून एक सहा शिंका आल्या. स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत घातली होती. पुण्यात मिरची आम्ही शेरावर आणतो. इथे ती अंगणंच्या अंगणं व्यापून बसलेली. बायका तोंडाला पदर बांधून ती फावड्याने उलटत होत्या. मला शिंकताना पाहून त्यातली एक दुसरीला म्हणाली, "पाव्हनीन उनी."

मला न्यायला म्हसावदचे हेडमास्तर आले होते. उखा गुरुजी त्यांचं नाव. पन्नाशीचे, काटक, कोटाची सगळी बटणं लावलेले. माझ्याशी ते पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत आणि बाकी सगळ्या जगाशी अहिराणी. "आपला प्रवास सुखरूप झाला ना?" असं मला विचारून लगेच हमालाला म्हणाले, "अरे, हाऊ सामान तठे कसाले ठेवस, आठे लय." मी मनात दोन्ही वाक्यांना मार्क देऊन टाकले. सवय वाईट असते.

स्टेशनाजवळच्या खाणावळीत जेवलो. वाढप्याने खिचडीवर कच्च्या तेलाची धार धरली आणि मी "पुरे" म्हणायच्या आत खिचडी तेलात बुडाली. पुण्याच्या पंगतीत तूप कसं वाढतात ते आठवलं आणि इथल्या लोकांच्या मनाच्या मोठेपणाचा थोडा हेवाही वाटला. संध्याकाळपर्यंत पोटाने त्या हेव्याची किंमत वसूल केली, ते सोडा.

जेवताना गुरुजींनी मुलांची माहिती दिली. कुणी रंगूनचं, कुणी मोलमीनचं, पण गाव सगळ्यांना "रंगूनन्या पोरी, रंगूनना पोऱ्या" असंच म्हणे. बहुतेक मुलं गावातल्या वसतिगृहात राहत. एकटी सुगना तिच्या काकांकडे राहत होती.

"मोतीलालशेटची पुतणी," गुरुजी म्हणाले. "कापडाचं दुकान आहे त्यांचं. मूळचे मारवाडातले. दोघे भाऊ रंगूनला होते. थोरला बॉम्बमध्ये गेला. मोतीलालशेट वहिनीला आणि मुलीला घेऊन आराकानच्या डोंगरातून चालत निघाले. वाटेत वहिनीही गेली. पटकीने. त्यांनी स्वतः अग्नी दिला आणि मुलीला खांद्यावर घेऊन चितगावला पोचले. गावात त्यांच्याबद्दल फार आदर आहे."

"आणि मुलगी?"

"हुशार आहे. सगळं बोलते. फक्त त्या वाटेबद्दल विचारलं की गप्प होते." मग गुरुजी जरा ओशाळून म्हणाले, "आम्ही विचारलं दोनदा-तीनदा. विचारू नये का?"

मी म्हटलं, त्यासाठीच तर मी आले आहे. तेव्हा मला हे उत्तर फार छान वाटलं होतं.

प्रकाशे

तापी ओलांडायला प्रकाश्याला बैलगाडी पाण्यात घालावी लागते. माघातलं पाणी, गुडघ्याएवढं, पण खालचे गोटे निसरडे. वर काठावर देवळांच्या रांगा आणि पायऱ्यांवर कपडे आपटणाऱ्या बायका. गाडीवान म्हातारा होता आणि त्याला माझ्याबद्दल कुतूहल होतं.

"तुम्ही रंगूनना पोऱ्यास्ले शिकाडाले उनात का?"

"नाही बाबा. त्यांच्या मास्तरांना शिकवायला."

त्याने बैलांना चुचकारलं. "मास्तरस्ले बी शिकाडनं पडस का?" उखा गुरुजी नदीच्या दुसऱ्या काठाकडे पाहू लागले.

तेवढ्यात डावीकडचं चाक गोट्यावर चढलं, गाडी कलंडली आणि माझी ट्रंक पाण्यात गेली. गाडीवानाने ती काढली खरी, पण आत होत्या माझ्या टिपणवह्या. काठावरच्या पायऱ्यांवर मी पानं पसरून वाळत घातली. धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांवर एकेक दगड ठेवून दिला, वर "बाई, इतलं लिखं का तुम्ही?" असं कौतुकही केलं. शाई बरीच पसरली होती. काही पानं वाचताच येईनात. पण मला सगळं पाठ होतं, तेव्हा मी फारशी चिंता केली नाही. पायऱ्यांवर बसून शिळ्या पोळ्या खाल्ल्या, आणि पानं सुकल्यावर आम्ही शहाद्याच्या वाटेला लागलो.

म्हसावद

म्हसावद मोठं गाव आहे. काळी जमीन, कापूस वेचून झालेला, गव्हाच्या ओंब्या भरत आलेल्या, आणि उत्तरेला सातपुडा इतका जवळ की सकाळी त्याच्या घड्या मोजता येतात. पळस फुलायला लागला होता.

माझी सोय पाटलांकडे होती. पाटलीणबाई माझ्याच वयाच्या, हसऱ्या, कामाला वाघीण. पहिल्याच सकाळी त्यांनी मला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर ठेचा वाढला आणि मी डोळे पुसत खाते आहे हे पाहून भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घ्या" म्हणतात. त्या काही म्हणत नसत, नुसतं वाढत. नको म्हणायला सवडच मिळत नसे.

त्यांच्या चुलीशी रोज दुपारी एक मुलगी येऊन बसे. दहा-अकरा वर्षांची, घागरा-ओढणी घातलेली, भुवया जाड, समोरचा एक दात किंचित तुटलेला. शेंगा सोलून दे, लसूण निवडून दे, असं काहीबाही करी आणि तोंडाने सारखी बोले. मारवाड्याची पोर, रंगूनला जन्मलेली, आणि बोले ठसठशीत अहिराणी. ती सुगना. मी आत गेले की ती उठून उभी राही आणि शाळेतल्या मराठीत "नमस्ते बाई" म्हणे. मी बाहेर गेले की पुन्हा अहिराणी सुरू.

वर्ग शाळेतच भरे. आसपासच्या गावांचे मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर आणि एक सुईणबाई, जिला लिहिता येत नव्हतं पण जी सगळ्यांत चांगले प्रश्न विचारी. सकाळी मी बोलायची, दुपारी आम्ही वसतिगृहातल्या मुलांबरोबर बसायचो. गावाबाहेरच्या नाल्यातली चिकण माती आणली होती. मास्तरांना पहिले चार दिवस जड गेले. मुलगा मातीचं विमान करून मातीच्या घरावर आपटतो आहे आणि आपण त्याला "विमान" शब्द शुद्ध लिहायला सांगायचं नाही, हे त्यांच्या हाडात बसेना. एक मास्तर मला म्हणाले, "बाई, पोऱ्या दंगा करी ऱ्हायना नी मी निस्ता दखू?" मी म्हटलं, नुसतं पाहा. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले आणि पाहिलं. तो मुलगा दोन वर्षांनी पहिल्यांदा त्या रात्री अंथरूण न भिजवता झोपला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यामुळे सगळंच फुकट गेलं असं कुणाला वाटू नये.

आता माझी चूक सांगते.

डॉक्टरीणबाई म्हणत, एक मूल, एक मोठं माणूस आणि लोटलेलं दार. पण आमच्या धंद्याला शिकवायची एकच रीत माहीत आहे, ती म्हणजे नमुना पाठ. समोर मी शिकवणार, मागे बाकीचे वह्या घेऊन बसणार, बारीकसारीक टिपणार, आणि पाठ संपला की प्रत्येकाने उठून गुणदोष सांगायचे. वर्ग संपत आला की अशा पाठाला गावातली चार मोठी माणसं बोलवायची, त्यांना खुर्च्या द्यायच्या, हार घालायचे. वीस वर्षांत मी एकही वर्ग असा पाठ दिल्यावाचून संपवला नव्हता. दार लोटून बसले तर मास्तरांना दिसणार काय आणि ते शिकणार काय, असा सरळ विचार मी केला. त्यात काही चुकतं आहे हे मला जाणवलंसुद्धा नाही. उखा गुरुजींनाही नाही. आम्ही दोघं एकाच गिरणीचं पीठ खाल्लेले.

पाठासाठी मी सुगनाला निवडलं. पाहुणे म्हणून मोतीलालशेटना बोलवायचं मीच सुचवलं. पुतणी काय करते ते त्यांनी बघावं, त्यांना बरं वाटेल, असं माझ्या मनात होतं.

मोतीलालशेट आले. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरी पगडी. खुर्चीवर अगदी कडेला बसले. पाटील त्यांच्या शेजारी. मागे सतरंजीवर सगळे मास्तर, मांडीवर वह्या. मी पाटावर माती ठेवली आणि सुगनाला म्हटलं, तुला हवं ते कर. ती एकदा काकांकडे पाहून माझ्या शेजारी बसली.

तिने बराच वेळ घेतला. आधी एक लांब वाट केली, दोन्ही बाजूंना काड्या खोचल्या. बांबूचं असतं तसं काड्यांचं एक दाट बेट केलं. बेटाखाली एक आडवी बाहुली ठेवली, आणि तिच्या उशाशी मातीचा एवढासा लोटा. पुढे वाटेवर दोन उभ्या बाहुल्या, एक मोठी, एक लहान. मी काही बोलले नाही. इथपर्यंत मी सगळं बरोबर केलं होतं.

मग मी विचारलं, "ही कोण गं?"

"मन्ही माय शे." ती मातीकडेच पाहत होती, आणि बोलली ती चुलीपाशी बोलायची त्या भाषेत. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. दोन वर्षं जे कुणाला जमलं नव्हतं ते झालं होतं.

"काय करतेय ती?"

"पडेल शे. तिले उलट्या व्हई ऱ्हायन्यात. चालता येत नही."

"मग?"

"मंग काकांनी लोटा भरी दिन्हा. नी मले सांगं, चाल. मांगे दखू नको."

मागे पेन्सिली कागदावर चालत होत्या. इथे मी थांबायला हवं होतं. आज मला ते स्पष्ट दिसतं. तिला जवळ घ्यायचं, किंवा नुसतं बसून राहायचं, आणि पाहुण्यांना बाहेर पाठवायचं. पण मुलाचं उत्तर अर्धवट राहिलं की मास्तरणीला चैन पडत नाही.

"आणि तू पाहिलंस?"

"दखं. तिनी हात वर करा व्हता."

"म्हणजे तेव्हा ती जिवंत होती?"

"हा," सुगना म्हणाली. "जित्ती व्हती."

पेन्सिलींचा आवाज बंद पडला. मी मान वर केली तेव्हा सगळे मोतीलालशेटकडे पाहत होते. ते उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि माझ्यापुढे हात जोडले. "बाईसाब, छोरी चांगली बोलली," असं म्हणून ते बाहेर गेले. सुगनाने काकांना जाताना पाहिलं आणि पाटावरच्या दोन उभ्या बाहुल्या घाईघाईने मोडून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. गावात एकच बोलणं चाललं होतं. वहिनीले जित्ती सोडी उना, नी अग्नी दिन्हा म्हने. विहिरीवर तेच, चक्कीवर तेच. कुणी त्यांच्या दारावर गेलं नाही, दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त ज्याला गाव उठून रामराम करायचं, त्याला पाहून माणसं दुसरीकडे पाहू लागली. तिसऱ्या दिवशी मोतीलालशेट बायकोला आणि सुगनाला घेऊन अक्कलकुव्याला गेले. तिथे त्यांच्या मेव्हण्याचं दुकान आहे.

ते गेले त्या सकाळी मी पाटलीणबाईंच्या चुलीशी जाऊन बसले. त्या भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, बाई, मला हे ठाऊक नव्हतं हो.

"मले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"वरीस व्हई गयं. आठेच बशीसन सांगं तिनी मले. एकदाव नही, धा दाव सांगं. सांगे नी रडे, मंग भाकर खाये नी खेळाले जाये." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले. "मी कोनले नही सांगं. पाटीलले बी नही."

मला वाटलं त्या आता मला बोलतील. बोलल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं आणि भाकरी वाढली. माझ्या बारा दिवसांत मी जे शिकवलं ते सगळं ही बाई वर्षभर करत होती, तेही लसूण निवडून घेता घेता. आणि ती चूल मी त्या मुलीपासून तोडली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही आणि मी ताटावर बसून रडले. पाटलीणबाईंनी मला रडू दिलं.

वर्ग संपला. मास्तरांनी माझ्या पाठाचे गुणदोष सांगितलेच नाहीत. फक्त ती सुईणबाई निघताना म्हणाली, "बाई, बायीले बाळंतीण व्हताना कोनी गावले बलावस का?" आणि डोक्यावरून पदर घेऊन आपल्या वाटेने गेली.

उखा गुरुजी आणि मी असं ठरवलं की सुगनाला वसतिगृहात ठेवून घ्यावं. म्हणजे तिची शाळा सुटणार नाही आणि दुपारी तिला पाटलीणबाईंकडे जाता येईल. हे मोतीलालशेटना विचारायला मी एकटीने जायचं ठरवलं. गुरुजी यायला तयार होते, पण बिघडवलं मी होतं.

अक्कलकुवा

तळोद्यावरून अक्कलकुव्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटरीला पेट्रोल मिळत नाही, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली आहे. चढ आला की ती खोकते आणि थांबते. मग सगळ्यांनी उतरून मागून ढकलायचं. मीही ढकलली. माझं नऊवारी आणि माझा हुद्दा पाहून क्लीनर "बाई, तुम्ही नका" म्हणत होता, पण शेजारच्या, डोंगरातल्या पावरा बायका बिनबोभाट ढकलत होत्या. त्यांच्या पायातले चांदीचे वाळे कोळशाच्या धुळीने काळे झाले. त्यांच्यात आणि माझ्यात एकही समान शब्द नव्हता. मोटर सुरू झाल्यावर त्यातल्या एकीने टोपलीतली मूठभर बोरं माझ्या ओच्यात टाकली.

अक्कलकुव्याला बाजाराचा दिवस होता. डोंगरातली माणसं पहाटे निघून डिंक, चारोळी, बांबूच्या टोपल्या घेऊन उतरली होती आणि मीठ, काड्याची पेटी, लुगडं घेऊन परतणार होती. गुजराती, अहिराणी, भिली, सगळ्यांचा एकच गलका. कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. एरवी मी अशा बाजारात दोन तास रमले असते. त्या दिवशी दुकान विचारत सरळ चालत गेले.

मेव्हण्यांचं दुकान पुढे, घर मागे. मोतीलालशेटची बायको गुलाबबाई दारात आल्या. घुंघट कपाळापर्यंत, डोळे सुजलेले. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि मी विचारायच्या आधीच हळू आवाजात सांगू लागल्या.

"छोरीला कुणी काही बोललं नाही, बाईसाब. हे पण नाही बोलले. फक्त त्या दिवसापासून घरात जेवत नाहीत. दुपारी मूठभर फुटाणे खातात, परसात बसून. ताट केलं की उठून जातात. छोरी रोज दोन वेळा ताट मांडते आणि रोज उचलते."

मोतीलालशेट आले आणि भिंतीशी टेकून बसले. चेहरा ओढलेला होता. मी माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

"भोजाईनेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हणाली, लालाजी, छोरीला घेऊन जा, मी येते मागून. तिला पण माहीत होतं, मला पण माहीत होतं. वाटेत माणसं बसलेली होती, बाईसाब, झाडांना टेकून. कोण जिवंत, कोण मेलेलं, कळायचं नाही. थांबलो असतो तर छोरी पण तिथेच बसली असती." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "घरी आलो. हिने विचारलं, भाभीचं सगळं नीट केलंत ना? मी काय सांगायचं होतं? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही काय सांगितलं असतं?"

बारा दिवस मास्तरांच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होतं.

मग मी वसतिगृहाचं काढलं. मोतीलालशेट म्हणाले, "छोरी हो म्हणाली तर न्या. मी अडवणार नाही." त्यांनी हाक मारली.

सुगना आतून आली. मला पाहून चकित झाली नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली, हात सरळ, टाचा जुळवून, आणि शाळेतल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाई, मी वर्गात खोटं सांगितलं. माझी आई पटकीने वारली. माझ्या काकांनी तिला अग्नी दिला. मी तिथे होते."

एकही शब्द चुकला नाही. गुलाबबाई घाईने म्हणाल्या, "आम्ही नाही शिकवलं हो बाईसाब, देवाशप्पथ नाही." ते खरं होतं. मोतीलालशेटचा चेहराच सांगत होता. दोन्ही हातांनी त्यांनी पगडी चेपली आणि तसेच परसात निघून गेले.

मी सुगनाकडे पाहिलं. खरं काय ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तिला कळत होतं. ती माझ्याकडे टक लावून होती. तू आता खोटं बोलतेस म्हटलं असतं तर मी दुसऱ्यांदा तेच केलं असतं. तू आता म्हणतेस तेच खरं म्हणणं म्हणजे ती वाट, ते बेट, तो लोटा तिच्या एकटीच्या गळ्यात बांधून मोकळं होणं.

"बरं, बाळ," मी म्हटलं. मग विचारलं,

"माझ्याबरोबर म्हसावदला येतेस? पाटलीणबाई तुझी वाट बघतात."

पाटलीणबाईंचं नाव निघताच तिचे डोळे भरले. पण तिने मान हलवली. "नाही बाई. मी इथेच राहते."

मी आणखी आग्रह केला नाही. बोरं ओच्यातून काढून तिच्या ओंजळीत दिली आणि उठले. ओसरीवर चपला घालत होते तेव्हा ती मागून आली, अगदी जवळ, आणि आत कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं,

"बाई, आते काका जेवतीन ना?"

मी म्हटलं, "जेवतील."

ती तेवढ्यावरच आत पळाली. ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, मग पाटाचा, मग तांब्याचा. तिने परसाच्या दाराशी जाऊन काकांना हाक मारली. मी ओसरीवर उभी राहिले. तिने पुन्हा हाक मारली, आणि मग आणखी एकदा. रस्त्यावर सर्व्हिसचा भोंगा वाजला, क्लीनर तळोद्याची माणसं बोलावू लागला, आणि मी जाऊन मोटरीत बसले.